पाहुण्याची बंदूक आणि गावाचे रान

भिवंडीचे नाव निघाले की आजच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे यंत्रमागांचा अहोरात्र चाललेला खडखडाट आणि पूर्णा, काल्हेर, मानकोली या बाजूंस पसरलेली गोदामांची रांग उभी राहते. ज्या कामवारी नदीच्या खाडीतून एके काळी गलबते या गावाच्या धक्क्याला लागत, तिच्या उगमाकडील डोंगरांत रान आहे आणि त्या रानात हरिणांचा वावर आहे, हे त्याच्या ध्यानीही येत नाही. परंतु तालुक्याचा नकाशा उघडून पाहिला तर असे दिसते की पश्चिमेस तुंगारेश्वरचा डोंगर वसई आणि भिवंडी या दोन तालुक्यांच्या मध्ये ठाण मांडून बसला आहे, उत्तरेस वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या झऱ्यांजवळून तानसा नदी वाहते आहे, आणि ईशान्येस पडघ्यापलीकडे शहापूरची हद्द लागताच माहुलीचे सुळके व तानसा तलावाभोवतालचे साग-ऐनाचे जंगल सुरू होते. या रानांत सांबर, चितळ आणि भेकर ही जनावरे, आणि त्यांच्यामागून येणारा बिबट्या, हे माणसाचे जुने शेजारी होत. त्या शेजाऱ्यांपैकी हरणांची शिकार किती करावी आणि कोणी करावी, हा या प्रकरणाचा विषय आहे. पहिल्या प्रश्नावर कायद्यांची पाने भरली. दुसऱ्याचा निवाडा मात्र गावाच्या मनात होत राहिला, आणि माझ्या मते पहिल्याचे यशापयश त्या निवाड्यावरच अवलंबून होते.

हा वाद आपण समजतो त्याहून पुष्कळ पुरातन आहे, आणि त्याचा एक साक्षीदार भिवंडीच्या शेजारीच सापडला. तुंगारेश्वरचा डोंगर ओलांडून समुद्राकडे उतरले की सोपारे लागते, प्राचीन शूर्पारक. तेथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक भग्न तुकडा मिळाला, आणि तो आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. इतर स्थळी पूर्ण मिळालेल्या या लेखाचा आशय असा, की पूर्वीचे राजे विहारयात्रेस निघत आणि त्या यात्रांत मृगया व तत्सम रंजने चालत. परंतु राज्याभिषेकास दहा वर्षे झाल्यावर प्रियदर्शी राजा संबोधीस गेला आणि तेव्हापासून त्याच्या धर्मयात्रा सुरू झाल्या, ज्यांत ब्राह्मण-श्रमणांचे दर्शन, वृद्धांना दान आणि जनपदातील लोकांची भेट व विचारपूस होऊ लागली. अशोकाच्या अहिंसेविषयी आपण शाळेत शिकतो, पण या लेखातील दुसरी गोष्ट मला तितकीच मोलाची वाटते. राजा खेड्यापाड्यांत पूर्वीही जात होता आणि नंतरही जात राहिला. फरक पडला तो त्याच्या येण्याच्या हेतूत, आणि त्या हेतूबरोबर यजमान लोकांशी असलेल्या त्याच्या नात्यात. मृगयेसाठी आलेल्या राजाला प्रजा ही रान उठवण्यापुरती लागते. भेटीसाठी आलेल्या राजाला तिचे म्हणणे ऐकावे लागते. ज्या बंदरातून परदेशांशी व्यापार चाले, तेथे हा मजकूर कोरून ठेवावासा वाटला, यावरून तो किती महत्त्वाचा मानला गेला असेल याची कल्पना येते.

राजाच्या मृगयेखेरीज गावाची स्वतःची शिकार होतीच. ठाणे जिल्ह्याच्या या भागातील वारली, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, तसेच कुणबी व आगरी यांच्या पिढ्या डोंगरउतारावर नाचणी-वरी आणि सखल जमिनीत भात पिकवीत, आणि पिकाची राखण व मांसाची गरज या दोन्ही कारणांनी शिकारही करीत. हाका घालावा, वाघुर म्हणजे शिकारीचे जाळे लावावे, कुत्री सोडावीत, तीरकामठा किंवा पुढच्या काळी एखादी ठासणीची बंदूक घेऊन वाटेवर बसावे, आणि जे पडेल त्याचे वाटे ज्या ज्या घरातील माणूस हाक्याला आला त्या त्या घरी पोचावेत, अशी ही रीत. या शिकारीचे उदात्तीकरण करण्याचा मोह आजकाल पुष्कळांना होतो, तो मला टाळावासा वाटतो. गावकरी जनावरे मोजीत नव्हता, मादी-पिलू पाहून हात आवरण्याचा नियमही सर्वत्र पाळला जात नसे. त्याच्या शिकारीला मर्यादा होती ती मुख्यतः त्याच्या साधनांच्या दुर्बलतेमुळे आणि पावसाळाभर चालणाऱ्या शेतीच्या कामामुळे. परंतु एक गोष्ट खरी, की त्याची शिकार त्याच्याच रानात होती. पुढच्या सालीही त्याला त्याच झऱ्याकाठी राहायचे होते, आणि रान रिकामे झाले तर त्याची झळ प्रथम त्यालाच लागणार होती. ही जाणीव कायद्याने निर्माण करता येत नाही; असलेली मात्र कायद्याला सहज मारता येते, हे पुढच्या इतिहासावरून दिसते.

तो इतिहास आगगाडीपासून सुरू होतो. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत धावलेली गाडी पुढच्याच वर्षी कल्याणला पोचली आणि १८६१ पर्यंत थळघाटाच्या पायथ्याशी कसाऱ्याला भिडली. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी ही स्थानके ऐन रानाच्या कडेला होती, आणि मुंबई-आग्रा रस्ता तर भिवंडी-पडघ्यावरूनच जात होता. त्यामुळे मुंबईतील साहेब शनिवारी कचेरी सुटल्यावर निघाला तर रविवारची पहाट माहुलीच्या जंगलात पाहू शकत होता. शहरापासून इतक्या निकट इतके समृद्ध रान असणे हे त्या रानाचे भाग्य नव्हते. त्याच काळात १८७८ चे दोन कायदे एकापाठोपाठ आले. वनकायद्याने सरकारला राखीव जंगले आखण्याची मुखत्यारी दिली. शस्त्रकायद्याने एतद्देशीयांना बंदुकीसाठी परवाना सक्तीचा केला आणि युरोपियनांना मात्र त्यातून सूट दिली. या दोहोंचा संयुक्त परिणाम ठाणे जिल्ह्यातील शेतकऱ्यावर काय झाला असेल ते समजण्यासाठी राब ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. भाताच्या रोपाची जागा भाजण्यासाठी झाडांच्या डहाळ्या, पाला, शेण यांचा थर अंथरून तो पेटवावा लागे, आणि डहाळ्या तोडण्याचा हक्क गेला म्हणजे शेतीच गेली, असे येथील शेतकरी मानीत असे. नव्या बंदोबस्तात या तोडीवर निर्बंध आले. तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई सरकारला १८८५ साली ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील जंगलविषयक गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी कमिशन नेमावे लागले.

आता ज्या कुणब्याला ऐनाची एक फांदी छाटल्याबद्दल जंगल खात्याच्या रखवालदारापुढे हात जोडावे लागत, त्याच्याच शिवारात परक्या शहरातील मनुष्य बंदूक घेऊन येतो, सांबर मारतो, त्याचे शिंग दिवाणखान्यासाठी नेतो, आणि तोच रखवालदार त्याच्यापुढे अदबीने उभा राहतो, हे दृश्य कसे दिसले असेल? आपल्या शिकार-वाङ्मयात, विशेषतः इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहिलेल्या स्मरणग्रंथांत, हाकारे, वाटाडे, खोजी हे सदैव आज्ञाधारक, भाबडे आणि बक्षिसावर संतुष्ट असे रंगवलेले आढळतात. त्यांतील काही खरे असेलही. पण हाक्याला आलेला प्रत्येक जण राजीखुशीने आला होता असे मानण्यास आधार नाही. जमीनदाराची वेठ आणि दौऱ्यावरील अंमलदाराची वेठ या जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात इतकी रूढ होती, की ती मोडून काढण्यासाठी १९४५ साली उंबरगाव-डहाणूकडील वारल्यांना किसान सभेच्या निशाणाखाली उठाव करावा लागला, आणि गोदावरी व शामराव परुळेकर यांचे नाव त्या लढ्याशी कायमचे जोडले गेले. पाटलाचा निरोप आला म्हणून हातचे काम टाकून रान उठवायला जाणारा माणूस आणि गावशिकारीला आपण होऊन निघणारा माणूस एकच असला, तरी त्याच्या मनाची अवस्था एक नव्हती.

असे असूनही पाहुण्या शिकाऱ्याविषयी गावाची भावना निव्वळ द्वेषाची होती असे म्हणणे सत्याला सोडून होईल. भात फुलोऱ्यावर आले की रानडुकरांचे कळप एका रात्रीत वावर उलथून टाकतात, आणि सांबर-चितळेही कोवळ्या पिकात शिरतात. माळ्यावर बसून गोफण फिरवीत आणि पत्र्याचा डबा वाजवीत रात्री जागवणाऱ्या शेतकऱ्याला, ज्याच्याजवळ बंदूक नाही, त्याला बंदूकवाला पाहुणा हा साहाय्यकर्ता वाटे. मारलेल्या जनावराचे मांस बहुधा गावातच वाटले जाई, कारण शहरात परतणाऱ्याला ते सगळे नेणे शक्य नसे. वाटाड्याला चार पैसे मिळत. आजारी मुलासाठी पाहुण्याच्या सामानातून औषध मिळे. शिवाय आतिथ्य हा या लोकांचा धर्मच असल्यामुळे दारी आलेल्याला पाणी न विचारणे त्यांना जमत नसे. पाहुणा कोणाच्या ओळखीने आला, त्याने आधी पाटलाकडे किंवा पाड्याच्या जाणत्याकडे जाऊन रीतसर विचारले का, देवाच्या राईत बंदूक चालवली का, जखमी जनावर रानात टाकून तो निघून गेला का, या गोष्टींवर गावाचे मत ठरत असे. यांपैकी शेवटची गोष्ट मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते. जखमी डुक्कर किंवा बिबट्या मागे ठेवून जाणारा शिकारी आपल्या हौसेचे मोल दुसऱ्या दिवशी लाकडाला जाणाऱ्या बाईच्या माथी मारतो. आणि ज्याला तेथे राहायचे नाही त्यालाच असे निघून जाणे परवडते.

किती मारावे, या प्रश्नाकडे वळताना हरणांच्या जीवनक्रमाकडे थोडे पाहणे अवश्य आहे, कारण मर्यादेचे सारे शास्त्र त्यावर उभे आहे. सांबराची मादी सुमारे आठ महिने गर्भ वाहते आणि एका वेळी बहुधा एकच पाडस देते. चितळाची आणि भेकराचीही गोष्ट फारशी निराळी नाही. रानडुकरीसारखी एका विणीत अनेक पिले देणारी ही जात नव्हे. म्हणून एक नर गेल्याने कळपाच्या वाढीला जितका धक्का बसतो त्याच्या अनेक पट धक्का एक मादी गेल्याने बसतो, कारण एक नर अनेक माद्यांना पुरेसा असतो. नराची शिंगे दरसाल गळतात आणि नवी येतात. ती वाढत असताना त्यांवर रक्तवाहिन्यांनी भरलेली लवदार त्वचा असते, आणि त्या अवस्थेत नर मंद, सावध आणि इजा होण्यास सोपा असतो. यावरून जगभर शिकारीचे जे सामान्य नियम निघाले ते असे, की विणीच्या काळात बंदी असावी, मादी व पाडस वर्ज्य असावे, लवदार शिंगांचा नर मारू नये, आणि एका माणसाने एका हंगामात किंवा एका दिवसात ठराविक संख्येपलीकडे जाऊ नये. अमेरिकेत अशा दैनिक संख्येची मर्यादा प्रथम १८७८ साली आयोवा संस्थानाने घातली, ती हरणांसाठी नव्हे तर माळरानावरील कोंबड्यांसाठी, दिवसाला पंचवीस. ज्या वर्षी आपल्याकडे वनकायदा आणि शस्त्रकायदा आला, तेच हे वर्ष.

हिंदुस्थानात १९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्याने प्रांतिक सरकारांना निरनिराळ्या जनावरांसाठी बंद हंगाम ठरवण्याचा अधिकार दिला आणि त्याच्या यादीत हरणे होती. पण स्वतःचे किंवा मालमत्तेचे रक्षण करताना मारलेल्या जनावराला तो कायदा लागू नव्हता, आणि शेतातील पीक ही मालमत्ताच असल्यामुळे या वाटेने पुष्कळ शिकार निसटून जाई. खरी कसोशीची तरतूद झाली ती मुंबई राज्यात १९५१ साली, आणि तिच्यामागे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे लोक होते. ही संस्था १८८३ च्या सप्टेंबरात आठ गृहस्थांनी स्थापन केली; त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन एतद्देशीय विद्वानही होते. प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी एक असलेले आत्माराम पांडुरंग पशुपक्ष्यांच्या अभ्यासमंडळाच्याही आरंभी असावेत, ही एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या बुद्धीच्या विस्ताराची मोठी हृद्य खूण होय. या संस्थेच्या पहिल्या पिढीने जनावर ओळखले ते बहुधा बंदुकीच्या नळीवरून पाहून. त्याच परंपरेत वाढलेले पक्षिशास्त्रज्ञ हुमायून अब्दुलअली यांनी १९५१ च्या मुंबई वन्य प्राणी व वन्य पक्षी संरक्षण अधिनियमाची घडण करण्यात पुढाकार घेतला. शिकारीच्या परवान्यांची पद्धत, बंद हंगाम, अभयारण्ये यांची एकत्र आणि सुसूत्र मांडणी त्यात होती, आणि पुढे देशाच्या कायद्याला त्याचा आदर्श उपयोगी पडला. रानात हिंडून ज्याने जनावर मारलेले पाहिले आहे त्यानेच ते वाचवण्याचे कलम लिहावे, यात मला विसंगती दिसत नाही. रानाची झीज कोठून होते ते त्यालाच नेमके ठाऊक असते.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम आज आपण संपूर्ण शिकारबंदीचा कायदा म्हणून ओळखतो, पण आरंभी तो तसा नव्हता, ही गोष्ट विस्मरणात गेली आहे. मूळ अधिनियमात शिकारीचे परवाने होते. सांबर आणि चितळ ही मोठ्या शिकारीच्या अनुसूचीत होती आणि परवाना घेऊन ती मारता येत. मात्र कसे मारावे यावर सतराव्या कलमाने जी बंधने घातली, ती वाचताना असे वाटते की मसुदा करणाऱ्याने शहरी शिकाऱ्याची प्रत्येक लबाडी समोर बसवून एकेक वाट बंद केली आहे. मोटारीतून शिकार करू नये. मोटारीने जनावराला पिटाळू नये. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत शिकार करू नये. कृत्रिम प्रकाश वापरू नये. पाणवठ्यावर, खारपणीवर किंवा तिकडे जाणाऱ्या वाटेवर दबा धरू नये. वणवा लावू नये. जाळी, खड्डे, फासे, विष वापरू नये. पंधराव्या कलमाने पाडस, मादी आणि लवदार शिंगांचा नर यांना संरक्षण दिले आणि सोळाव्याने बंद हंगाम ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारकडे ठेवला. या साऱ्यांत एक पोटकलम असे होते की सरकारी मालकीच्या नसलेल्या जमिनीवर, त्या जमिनीच्या मालकाच्या, त्याच्या मुखत्याराच्या किंवा कायदेशीर वहिवाटदाराच्या संमतीवाचून कोणीही शिकार करू नये.

या पोटकलमापाशी मी थोडा थांबतो. बाकीची सर्व बंधने जनावराच्या बाजूने होती. हे एक शेतकऱ्याच्या बाजूने होते. परवाना मुंबईत मिळाला म्हणून पडघ्याच्या शेतकऱ्याच्या बांधावर पाय ठेवण्याचा अधिकार मिळत नाही, आधी त्याला विचारले पाहिजे, असे ते सांगत होते. कुळकायद्यानंतर कसणाऱ्या कुळाकडे जमिनी आल्या होत्या, त्यामुळे वहिवाटदार म्हणजे बहुतेक ठिकाणी साधा शेतकरीच. ज्याच्या आजाला पाटलाच्या निरोपावर रान उठवायला जावे लागत होते, त्याच्या होकाराला आता कायद्यात स्थान मिळाले. पण ही तरतूद लोकांपर्यंत पोचली नाही. तलाठ्याने ती चावडीवर वाचून दाखवावी, वनरक्षकाने पाड्यापाड्यांत सांगावी, अशी काही तजवीज झाली असती तर कदाचित तिने मुळे धरली असती. २ ऑक्टोबर १९९१ रोजी अमलात आलेल्या सुधारणेने परवान्याची शिकारच बंद केली, चौदा ते सतरा ही कलमे गळाली, आणि त्यांबरोबर हे पोटकलमही गेले. शिकारच निषिद्ध झाल्यावर संमतीचा प्रश्न उरत नाही, हे तर्काला धरून आहे. तरी गावाचा होकार हा संरक्षणाचा एक आधार असू शकतो, हा विचारही त्याबरोबर कागदावरून पुसला गेला, याची मला खंत वाटते.

बाहेरच्या शिकाऱ्याचा आणि स्थानिकाचा हक्क समान असावा का, हा प्रश्न अन्य देशांनी निराळ्या रीतीने सोडवला. जर्मनीत १८४८ च्या क्रांतीने सरदारांचा दुसऱ्याच्या शेतात शिकार करण्याचा हक्क काढून घेतला आणि शिकारीचा हक्क जमिनीशी बांधला. शतकानुशतके सरदारांच्या हरणांनी पीक खाल्लेले पाहून हात चोळीत बसलेल्या शेतकऱ्यांची ती मागणी होती. अमेरिकेतील मोंटाना संस्थानात १९७६ साली एल्क हे मोठे हरीण मारण्याचा परवाना तेथील रहिवाशाला नऊ डॉलरांत मिळे, तर परराज्यातून आलेल्याला दोनशे पंचवीस डॉलरांचा एकत्रित परवाना घ्यावा लागे. हा भेद अन्याय्य आहे म्हणून परक्या शिकाऱ्यांनी दावा लावला. तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९७८ साली न्यायालयाने संस्थानाच्या बाजूने निकाल दिला. रंजनासाठी केलेली शिकार हा उपजीविकेसारखा मूलभूत हक्क नव्हे, आणि त्या जनावरांच्या संवर्धनासाठी रहिवासी वर्षभर कराच्या रूपाने भार उचलतात, तेव्हा पाहुण्याकडून अधिक घेणे गैर नाही, असा त्या निकालाचा रोख होता. तानसा-माहुलीच्या रहिवाशाने हा भार निव्वळ कराच्या रूपाने उचलला नव्हता. तो त्याने पिकातील धान्य देऊन, राबाच्या डहाळ्या सोडून, आणि चराऊ रानाचा राखीव पट्टा झालेला पाहून उचलला. आणि ज्या तानसा धरणाचे पाणी १८९२ पासून नळांवाटे भिवंडी तालुक्यातून मुंबईला जाते, त्याच्या पाणलोटाचे रान राखण्याचा बोजाही अखेर त्याच्याच अंगावर पडला. मोंटानाच्या न्यायाने पाहिले तर मुंबईच्या पाहुण्याने येथे पाऊल ठेवण्यापूर्वी पुष्कळ देणे देऊन टाकायला हवे होते.

घडले ते उलट. दुसऱ्या महायुद्धानंतर जीप आली, प्रखर विजेचे दिवे आले, आणि स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत साऱ्या देशात मोटारीतून, रात्रीच्या उजेडात डोळे दिपवून हरणे मारण्याचा जो सपाटा चालला त्यात बंद हंगाम, मादी, पाडस, संख्या, सारे नियम वाहून गेले. पीकरक्षणाच्या नावाने घेतलेले बंदुकीचे परवाने शिकारीला वापरले गेले. गावाला यातून मिळेनासे झाले, कारण रात्रीत मारून रात्रीत परतणाऱ्याला वाटाड्या नको होता, हाका नको होता, मांसाचे वाटे करण्याचे कारण नव्हते. पूर्वीचा शिकारी निदान दिवसाढवळ्या येत असे, पाड्यावर उतरत असे, त्याला गावाची तोंडओळख असे. नवा पाहुणा गावाला दिसलाच तर मागच्या लाल दिव्यांपुरता. आणि ज्यांनी त्याला थांबवायचे त्या गावकऱ्यांना रानाविषयी अधिकार काय होता? रान सरकारचे होते. १९७२ नंतर रानातील प्राणीही, मारला गेल्यावर सरकारची मालमत्ता ठरू लागला. साक्ष द्यायला गेले तर कचेरीच्या खेपा, आणि उलट आपल्यावरच संशय. कातकऱ्यांच्या बाबतीत तर तो संशय पिढ्यानपिढ्यांचा. मग कोणी बोलत नसे. त्या गप्प राहण्याला आपण शहरी लोक उदासीनता म्हणतो, पण ज्याचा आवाज शंभर वर्षे ऐकला गेला नाही त्याने एकाएकी बोलावे, ही अपेक्षा रास्त नव्हे.

तानसाचे अभयारण्य १९७० साली झाले, आणि तुंगारेश्वरचे २००३ साली. दुसऱ्याचे महत्त्व असे, की ते बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानापासून तानसाकडे जाणाऱ्या वन्य प्राण्यांच्या वाटेवर मध्येच पडते. संपूर्ण बंदी आता आहे आणि ती असावी, असेच माझे मत आहे. गोदामे, रस्ते, शेतघरे आणि विश्रामगृहे यांनी या रानाचे जे तुकडे पाडले आहेत त्यांत आता परवान्याने मारण्याइतकी हरणे शिल्लक आहेत असे कोणी म्हणू नये. मात्र बंदीने गावाचा प्रश्न सुटला नाही. डुकरे पीक खातातच, भरपाईचे कागद हिंडतातच, आणि गावातील कोणी भेकरासाठी फासा लावला तर त्याला तोच कायदा लागतो जो बंदूक घेऊन मोटारीतून आलेल्याला लागतो. कायद्याने तो तसा लागावा हेही योग्यच आहे; पण पहिल्याच्या घरी चौकशी करणे सोपे आणि दुसऱ्याचा माग काढणे कठीण, म्हणून शिक्षा कोणाच्या वाट्याला अधिक येण्याचा संभव आहे हे सांगण्याची गरज नाही.

या दृष्टीने २००६ च्या वनहक्क कायद्याकडे पाहिले पाहिजे, कारण त्यात या दोन्ही अंगांचा एकत्र विचार आहे. वनात राहणाऱ्यांचे पारंपरिक हक्क मान्य करताना त्या कायद्याने एक हक्क स्पष्टपणे वगळला, तो शिकारीचा व सापळे लावण्याचा. म्हणजे हाके आणि वाघुर यांची जुनी वहिवाट कायमची संपली, आणि आदिवासींनी ती सोडावी ही मागणी राज्याने त्यांच्यापुढे ठेवली. पण त्याच कायद्याच्या पाचव्या कलमाने वन्य प्राणी, वन आणि जैवविविधता यांच्या रक्षणाचा अधिकार हक्कधारकांना आणि ग्रामसभेला दिला; सामूहिक वनसंपत्तीत कोणाला प्रवेश द्यावा याचे नियमन करणारे आणि वन्य प्राण्यांना बाधक ठरणारी कृत्ये थांबवणारे ग्रामसभेचे ठराव पाळले जातील याची काळजी घेण्याची शक्तीही तिच्याकडे सोपवली. जे पोटकलम १९९१ साली गळाले त्याचा आत्मा येथे अधिक व्यापक रूपाने परत आला आहे. तेव्हा एकट्या वहिवाटदाराची संमती लागत होती, आता साऱ्या गावाचा निर्णय चालतो.

१९८५ च्या आदेशाप्रमाणे भिवंडी तालुक्यातील ७२ गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात, आणि तेथे १९९६ च्या पेसा म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींच्या कायद्यानेही ग्रामसभेला विशेष स्थान आहे. त्या गावांतील ज्यांना सामूहिक वनहक्क मिळाला आहे किंवा मिळावयाचा आहे, त्यांनी आपल्या सभेत हे प्रश्न घ्यावेत: आपल्या रानात रात्री येणाऱ्या अनोळखी गाडीला कोणी अडवायचे, कोणत्या नाक्यावर अडवायचे, वनरक्षकाला आणि पोलीस पाटलाला निरोप कोणी द्यायचा, तक्रारदाराबरोबर कचेरीत सोबत कोणी जायचे, फाशात अडकलेले जनावर सापडले तर काय करायचे, आणि डुकरांनी नासलेल्या वावराचा पंचनामा वेळेत होण्यासाठी पाठपुरावा कोणाकडे सोपवायचा. ठरावाच्या वहीत या गोष्टी नावानिशी लिहिल्या गेल्या, त्यांवर बायाबापड्यांच्या सह्या-अंगठे उमटले, आणि त्याची एक प्रत वनपरिक्षेत्राच्या कचेरीत पोच घेऊन दिली गेली, म्हणजे पुढच्या वेळी शहरातून येणाऱ्या पाहुण्याला, तो बंदूक घेऊन येवो की कॅमेरा घेऊन, रानात शिरण्यापूर्वी प्रथम गावात थांबावे लागेल.